गादीवर अकरा दिवस

"राजाने कोंडलेल्या माणसाला राजाच्या सहीशिवाय सोडता येत नाही," दिगंबरपंत वकील म्हणाले. "सही आण आणि बापाला घेऊन जा."

हिरूने कपाळाला हात लावला. रयतेने उठाव केला तेव्हाच राजा सीमेपार पळाला होता. त्याचा शेवटचा हुकूम चौकात पुकारायला नकार दिला म्हणून तिचा बाप, दवंडीवाला भिवा, तुरुंगात खोकत पडला होता. लढली रयत, लढले सरलष्कर हणमंतराव. गादीवर मात्र वकीलसाहेब, कारण ते स्वातंत्र्यावर फार सुंदर बोलत. अकरा दिवस ते बोलतच होते. तुरुंगाचं एक कुलूप निघालं नव्हतं.

"राजाच गेला की, साहेब."

"राजा गेला, हुकूम गेले नाहीत. रीतसर रद्द होईपर्यंत प्रत्येक हुकूम लागू."

"मग करा रद्द."

"त्यासाठी समिती नेमली आहे. समितीचे नियम ठरवायला दुसरी समिती आहे. घाई म्हणजे जुलूम, मुली."

शेजारी बसलेल्या सरलष्करांनी जांभई दिली.

"प्रत्येक हुकूम लागू?" हिरूने विचारलं. "तेवढं लिहून द्या."

लिहून द्यायला वकीलसाहेब कधीच कंटाळत नसत. त्यांनी झोकदार सही ठोकली.

हुकूम चौकात पुकारला की लागू, हा त्या राज्याचा रिवाज. बापाने न पुकारलेला कागद हिरूने घरातून काढला, हलगी गळ्यात अडकवली आणि चौक गाठला.

"ऐका हो ऐका! राजाचा हुकूम आहे: माझ्या माघारी गादीवर जो बसेल, त्याला दिवस मावळायच्या आत सुळावर द्यावं. हुकूम लागू असल्याची वकीलसाहेबांची सही माझ्यापाशी आहे!"

घटकाभरात अख्खं गाव दरबारात हजर. पुढे हिरू, तिच्यामागे मुसक्या बांधायला दोरखंड घेतलेला जल्लाद.

वकीलसाहेब घाईघाईने म्हणाले, "हे प्रकरण समितीकडे..."

"समिती बसेस्तोवर दिवस मावळेल, साहेब."

दिगंबरपंत ताडकन उठून खांबाआड गेले. "मी गादीवर बसलोच नव्हतो! जरासा टेकलो होतो, इतकंच!"

"म्हणजे गादी रिकामीच होती," हिरू शांतपणे म्हणाली. "मग अकरा दिवस माझ्या बापाला कोंडून ठेवलं कुणी?"

सरलष्कर इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. हसता हसताच त्यांनी तुरुंगाची सगळी दारं उघडायला माणसं धाडली आणि स्वतःच्या घोड्याचा लगाम हिरूच्या हातात दिला.

"म्हाताऱ्याला चालत नेऊ नकोस, पोरी. आणि घोडा परत आणू नकोस."