टिंबूच्या दारातली बाटली

विषय : बिळाचे दार मोकळे करून मिळण्याबाबत.
कोणाचे बीळ : टिंबू खेकड्याचे. वय अगदी लहान.
राहणार : ओढेवाडी, ओढ्याकाठी, उंबराच्या मुळाशी.
हकीकत पुढीलप्रमाणे.

टिंबू एवढासा होता. बोराएवढा. डोळे दोन, नांग्या दोन आणि पाय भरपूर.

उन्हाळा होता. ओढा आटला होता. ओल उरली होती ती फक्त टिंबूच्या बिळात. खेकड्याचे असे असते. पाठ ओली, तर खेकडा खुशीत. पाठ वाळली, तर खेकडा कासावीस.

सकाळी टिंबू बाहेर पडला. उंबर खाल्ले. ढेकर दिली. घरी परत आला. बघतो तर काय, दारात बाटली.

प्लास्टिकची बाटली. घरंगळत आली होती. बिळाच्या तोंडात गच्च बसली होती. ती कोणी टाकली? सगळे गाव म्हणते, आम्ही नाही. म्हणजे ती आपली आपणच पाणी प्यायली असेल आणि आपली आपणच फिरायला निघाली असेल.

टिंबूने ढकलली. हलेना. टिंबूने ओढली. हलेना.

टिंबू म्हणाला,
"बाटली, बाटली, माझं ऐक.
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तू हलतेस का?"

बाटली म्हणाली, "मी सुका कचरा. सुक्या कचऱ्यानं निळ्या डब्यात जायचं. डबा येईल, तर मी हलेन. तोपर्यंत नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

आणि बाटली तशीच आडवी पडून राहिली. शिस्तीत.

टिंबू निघाला. तुरुतुरु, तिरपा तिरपा. खेकडा बघतो एकीकडे, जातो दुसरीकडे. तरी पोचतो.

शाळेच्या कोपऱ्यावर निळा डबा होता. चाकांचा. त्याचे पोट टम्म फुगले होते.

टिंबू म्हणाला,
"डबा, डबा, माझं ऐक.
बाटली हलेना,
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तू येतोस का?"

डबा म्हणाला, "कसा येऊ? पोटात जागा नाही. केळीची सालं आहेत, भेंडीची देठं आहेत, काल रात्रीची आमटी आहे."

"पण तो तर ओला कचरा," टिंबू म्हणाला. "तो हिरव्या डब्यात जातो ना?"

"हिरव्या डब्यात चपला आहेत," डबा म्हणाला. "आमचं गाव हुशार आहे. रंग नीट बघतं आणि मग उलट टाकतं. गाडी मला रिता करील, तर मी येईन. तोपर्यंत नाही."

टिंबू निघाला. तुरुतुरु, तिरपा तिरपा. ऊन कौलांवर आले. टिंबूची पाठ थोडी वाळली.

ग्रामपंचायतीसमोर पिंपळ होता. पिंपळाखाली कचरागाडी उभी होती. सावलीत. निवांत.

टिंबू म्हणाला,
"गाडी, गाडी, माझं ऐक.
डबा रिता होईना,
बाटली हलेना,
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तू निघतेस का?"

गाडी म्हणाली, "मी लगेच निघाले असते. पण घंटा कुठे वाजली? घंटा वाजली, की लोक बाहेर येतात. लोक आले नाहीत, तर मी निघू कोणासाठी? घंटा वाजेल, तर मी निघेन. तोपर्यंत नाही."

घंटा गाडीच्याच कपाळावर होती. त्यामुळे या वेळी टिंबूला चालावे लागले नाही. त्याने नुसते डोळे वर केले.

टिंबू म्हणाला,
"घंटा, घंटा, माझं ऐक.
गाडी निघेना,
डबा रिता होईना,
बाटली हलेना,
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तू वाजतेस का?"

घंटा म्हणाली, "मी वाजले असते रे राजा. पण माझी दोरी नेली."

"कोणी नेली?"

"पंचायतीनं नेली. तिथं फलक लागलाय, तो बांधायला. फलक दोरी सोडील, तर मी वाजेन. तोपर्यंत नाही."

टिंबू निघाला. तुरुतुरु, तिरपा तिरपा. माती तापली. पायांना चटके बसले. हा पाय उचल, तो पाय उचल.

पंचायतीच्या दारावर मोठा फलक होता. त्यावर मोठी अक्षरे होती. 'घंटा वाजताच कचरा घेऊन या.' आणि तो घंटेच्याच दोरीने बांधला होता.

टिंबू म्हणाला,
"फलक, फलक, माझं ऐक.
घंटा वाजेना,
गाडी निघेना,
डबा रिता होईना,
बाटली हलेना,
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तू दोरी सोडतोस का?"

फलक म्हणाला, "मी काय सोडणार? मला बांधलं बारकूकाकांनी. गाठ त्यांची. बारकूकाका उठतील, तर दोरी सुटेल. तोपर्यंत नाही."

बारकूकाका म्हणजे पंचायतीचे शिपाई. दारातच स्टुलावर बसले होते. टोपी डोळ्यांवर ओढली होती.

टिंबू म्हणाला,
"काका, काका, माझं ऐका.
फलक दोरी सोडेना,
घंटा वाजेना,
गाडी निघेना,
डबा रिता होईना,
बाटली हलेना,
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही उठता का?"

बारकूकाकांनी टोपी वर केली. खाली वाकून पाहिले.

"उठायला काही नाही रे पोरा," काका म्हणाले. "गाठ सोडणं एका हाताचं काम. पण आत सरपंचताई बसल्यात. त्या बसल्या असताना शिपायानं उठायचं, हे बरं दिसत नाही. ताई उठल्या, की मी उठतो. आमच्याकडची रीत आहे. ताई उठतील, तर मी उठेन. तोपर्यंत नाही."

टिंबू निघाला. तुरुतुरु, तिरपा तिरपा. उंबरठा चढला. धप्पकन आत पडला. पाठ आता पापडासारखी वाळली होती.

आत मोठे टेबल होते. टेबलावर अर्जांचा ढीग होता. ढिगामागे सरपंच इंदूताई बसल्या होत्या. टिंबू टेबलाच्या पायावरून वर चढला.

टिंबू म्हणाला,
"ताई, ताई, माझं ऐका.
काका उठेनात,
फलक दोरी सोडेना,
घंटा वाजेना,
गाडी निघेना,
डबा रिता होईना,
बाटली हलेना,
दार उघडेना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही उठता का?"

इंदूताईंनी चष्मा लावला. "अगं बाई, खेकडा," त्या म्हणाल्या. "बाळा, तुझं खरं आहे. कचरा उचलायलाच पाहिजे. ओढा जपायलाच पाहिजे. मी भाषणात नेहमी सांगते. अर्ज दिलास का?"

"नाही दिला," टिंबू म्हणाला.

"मग दे. अर्ज दिला, की बघता येतं."

टिंबूने शाईत नांगी बुडवली. कागदावर उठवली. ठप्प. झाला अर्ज. इंदूताईंनी तो ढिगाच्या अगदी खाली सारला.

"आता वरचे सगळे बघते," त्या म्हणाल्या. "मग तुझा बघते. तुझा झाला, की मी उठेन. तोपर्यंत नाही."

टिंबूने ढिगाकडे पाहिले. ढीग उंच होता. टिंबूने उन्हाकडे पाहिले. ऊनही उंच होते.

टिंबू हळूच टेबलाखाली उतरला. तिथे सावली होती. तिथे इंदूताईंची चप्पल होती. चपलेत इंदूताईंचा अंगठा होता.

खेकड्याला नांग्या दोन असतात. एक अर्जाला वापरून झाली होती. दुसरी मोकळी होती.

कुटुक.

"आई गं," इंदूताई म्हणाल्या. आणि उठल्या.

ताई उठल्या, म्हणून बारकूकाका उठले.

"ताई, निघालात का?" काकांनी विचारले.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "पण उठले खरी."

"मग मीही उठलो. आणि उठलोच आहे, तर ती गाठ सोडून टाकतो."

काका उठले, आणि फलकाने दोरी सोडली. सुर्रर्र.
फलक खाली बसला. त्यालाही जरा बरे वाटले.
काकांनी दोरी घंटेला बांधली. काकांनी दोरी ओढली.
घंटा वाजली. ठण ठण ठण.
घंटा वाजली, आणि गाडी निघाली. घुर्र घुर्र घुर्र.

घंटा ऐकून लोक बाहेर आले. कोणी साल घेऊन आले, कोणी बाटली घेऊन आले. इंदूताईही एका पायावर लंगडत आल्या. म्हणाल्या, "ओलं इकडं, सुकं तिकडं. काकू, ती चप्पल ओली आहे का? नाही ना? मग तिकडं." काकूंनी चप्पल तिकडे टाकली.

टिंबू गाडीत पुढे बसला होता. काकांनी त्याला ओल्या फडक्यावर ठेवले होते.

गाडी शाळेच्या कोपऱ्यावर आली, आणि डबा रिता झाला. धडाड धूम. आमटी गेली, सालं गेली, देठं गेली. डब्याचे पोट एकदम हलके झाले.

"चल, बस झाकणावर," डबा म्हणाला.

टिंबू बसला. डबा निघाला. गडगड गडगड, गडगड गडगड. शाळा गेली, विहीर गेली, ओढा आला, उंबर आला.

बाटलीने डबा पाहिला. शिस्त म्हणजे शिस्त.

डबा आला, आणि बाटली हलली. टुपुक.
बाटली हलली, आणि दार उघडले. भक्क.
दार उघडले, आणि टिंबू घरात गेला. तुरुतुरु, तिरपा तिरपा, सुळ्ळकन.

आत गार होते. आत ओले होते. टिंबूने पाठ मातीला टेकवली. ही बाजू ओली केली. ती बाजू ओली केली. मग बिळाच्या दारातून दोन डोळे तेवढे बाहेर काढले आणि मजेत वर-खाली केले.

तिकडे इंदूताई परत खुर्चीत बसल्या. ताई बसल्या, म्हणून बारकूकाका बसले. ताईंनी ढिगातला सगळ्यात वरचा अर्ज उचलला आणि वाचायला घेतला.

टिंबूचा अर्ज सगळ्यात खाली आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.