दीड जीबीचे महाराज

"पण बुवा, थोरल्या महाराजांमधलं नेमकं काय टाकून द्यायचं, ते तरी सांगा!" ओजसचा आवाज नको तितका चढला.

"ते तुझं यंत्र बघेल," मठ सांभाळणारे रघुनाथबुवा म्हणाले आणि शेंगा सोलत राहिले.

भांडण एका फोटोवरून होतं. डोंगरावरच्या या मठाचे थोरले महाराज जाऊन कैक वर्षं लोटली होती. त्यांचा एकुलता एक फोटो ओजसने मोठ्या स्कॅनरवर चढवला, महिनेन् महिने खपून त्यावरचा एकेक डाग पुसला आणि टिफ जातीची दीड जीबीची फाइल केली. ती उघडायला त्याच्याकडे होता तसाच तालेवार संगणक लागायचा. पठ्ठ्याला त्याचाही अभिमान होता.

खाली वाडीत सरूबाई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडली होती. डोंगर चढणं आता विसरा, असं डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. महाराज गेल्यापासून त्या फोटोचं दर्शन घेतल्याशिवाय या बाईने कधी चूल पेटवली नव्हती. सुनेच्या फोनवर एकदा तरी महाराज दाखवा, एवढंच तिचं मागणं होतं.

ओजसची फाइल काही त्या फोनवर उघडेना. वेबपी नावाच्या नव्या प्रकारात ती बदलली असती, तर चिमूटभर होऊन चटकन पोचली असती. पण गडी अडून बसला होता.

"लहान करताना बारकावे गळतात, बुवा. गेलेलं परत येत नाही. तिला काय अर्धेमुर्धे महाराज पाठवायचे? मला पाप लागेल."

"हं..."

बुवा उठले, हात झटकून संगणकासमोर येऊन बसले. पडद्यावर थोरले महाराज होते, एकूण एक सुरकुतीसकट.

बुवांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढून ओजसच्या हातात दिला आणि पडद्याला हात जोडले. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की ओजस बघतच राहिला.

"चष्म्याशिवाय काय दिसतंय तुम्हाला?"

"पांढुरका डाग."

"मग हात कुणाला जोडलेत?"

बुवा नुसते हसले.

शेवटी ओजसने चष्मा बुवांना परत केला, गुमान खाली बसला आणि बटण दाबलं. दीड जीबीचे महाराज ऐंशी केबीत मावले. काळजावर दगड ठेवून त्याने ते वाडीत धाडले.

थोड्याच वेळात फोन वाजला.

"बुवा, आलं वो! म्हाराज माज्या घरी आलं!" सरूबाई एकाच वेळी हसत होती आणि रडतही होती. "आन् शालीचं ठिगळ बी दिसतंय की! म्याच घातलेलं, निळ्या दोऱ्यानं. पांढरा दोरा गावला न्हाई म्हून. किती हसलं व्हतं म्हाराज तवा!"

मागे सूनही हसत होती. बुवा हसत होते. ओजसलाही हसू आवरेना. आपण इतके दिवस कशासाठी अडून बसलो होतो, तेच त्याला आठवेना.

फोन ठेवल्यावर मात्र त्याने धाकटी फाइल उघडून डोळे फाडफाडून पाहिली. शाल गुळगुळीत दिसत होती, ठिगळाचा मागमूस नव्हता. मग त्याने मोठी फाइल उघडली. तिथे ठिगळ होतं.

तो चक्रावला.

"बुवा, तिला पाठवलेल्या फोटोत ठिगळ उरलेलंच नाही. आणि निळा दोरा तर माझ्या मोठ्या फाइलीतही नाही. अहो, फोटोच काळा-पांढरा आहे!"

बुवांनी एक शेंग फोडली, दाणे त्याच्या तळहातावर ठेवले...

"मग मूळ प्रत तिच्याकडून मागवून घे."