निळ्या पायांची आई

"पण काका, उद्याचा गट मी एकट्याने का नेऊ नये?"

निनाद राजवाडेने हे रबरी होडीतच विचारलं. ज्वालामुखीच्या त्या काळ्या बेटांवरचा प्रत्येक पक्षी त्याला नावानिशी ओळखता येत होता. आणि तो ते लपवतही नव्हता.

भास्कर मयेकर तीस वर्षं छोट्या जहाजावरून लोकांना या बेटांवर उतरवत होते. हाताखालच्या वाटाड्यांपैकी एकट्याने कुणाला पाठवायचं, हे तेच ठरवत.

"उतरून येऊ. मग सांगतो."

पुण्या-ठाण्याची चौदा माणसं किनाऱ्यावर उतरली. ऊन तापलं होतं. वाटेलगत निळ्या पायांचा एक मोठा समुद्रपक्षी सूर्याकडे पाठ करून, पंख अर्धे पसरून उभा होता.

"या, पुढे या! इथले पक्षी माणसाला घाबरत नाहीत," निनाद म्हणाला.

प्राण्यापासून चार पावलं लांब राहायचं, हा तिथला नियम. निनाद दोन पावलांवर गेला. पक्षी हलला नाही.

"बघा! मादी आहे ही. विश्वास आहे तिचा."

तो आणखी एक पाऊल सरकला... पक्षी उडाला.

चौदा कॅमेरे एकदम खटखटले. टाळ्यासुद्धा पडल्या. कशासाठी, ते वाजवणाऱ्यांनाच ठाऊक.

पक्षी उभा होता तिथे, तापलेल्या दगडावर, एक पिल्लू होतं. पिसं न फुटलेलं. चोच उघडून धापा टाकणारं.

मयेकर पुढे झाले. पिल्लाला अगदी खेटून, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची सावली पिल्लावर पडली.

"काका... चार पावलं..."

"मोडला नियम."

आई वीस हातांवर उतरली होती. तिथूनच बघत होती.

"तुम्ही उभे आहात तोवर ती येणार नाही," निनाद म्हणाला.

"नाही येणार."

"आणि तुम्ही बाजूला झालात तर..."

"या उन्हात किती वेळ टिकेल ते? तुला तर सगळं पाठ आहे."

निनादने पिल्लाकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे.

"माणसं घेऊन जा," मयेकर म्हणाले.

"अहो, आत्ताच तर आलो!" एक गृहस्थ तडकले. "माझा एक फोटो धड आला नाही."

"चला," निनाद म्हणाला. "सगळे. होडीत."

बेट शांत झालं. मयेकर दगडासारखे उभे. बऱ्याच वेळाने आई एक पाऊल पुढे आली. मयेकर अर्धं पाऊल मागे सरले. ती आणखी एक पाऊल पुढे... हे अर्धं मागे. शेवटी पिल्लाच्या डोक्यावर दोन सावल्या होत्या. मग एकच उरली.

मयेकर होडीत येऊन बसले. मान लालबुंद झाली होती.

"काही म्हणा, निनादराव," उडतानाचा एक फोटो बरा निघाल्याने ते गृहस्थ आता खुशीत होते. "पक्षी झकास उडवलात!"

"ती उडायला नको होती," निनाद म्हणाला. "तिने पिल्लावर सावली धरली होती. मला माहीत होतं. पुस्तकात वाचलंय मी. तरी पुढे गेलो. चूक माझी आहे."

त्या गृहस्थांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. होडी जहाजाकडे निघाली.

जहाजाची शिडी आली. निनाद मागे थांबला.

"काका, उद्या तुम्हीच न्या."

मयेकरांनी शिडीला हात घातला.

"सकाळी मी नाहीच म्हणणार होतो," ते म्हणाले. "उद्या तू ने. एकटा."