एका उडीची खिंड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरांनो, ऐका, आणि थोरांनो, तुम्हीही कान द्या, कारण यातली चूक पोरं करत नाहीत, थोरच करतात.

एका राज्यात कायदा होता. शिकाऱ्याने रानात एकच बाण घेऊन जायचं. तो सुटला, की लागो न लागो, मुकाट घरी फिरायचं.

त्या रानातली एक हरिणी चार दिवसांचं पाडस खिंडीपलीकडच्या गवतात निजवून अलीकडे पाण्यावर आली. नेमका तेवढ्यात एक शिकारी खिंडीवरच्या खडकावर येऊन बसला. हरिणी करवंदीच्या जाळीत दडली. परतायला दुसरी वाट नव्हती, हे शिकाऱ्यालाही ठाऊक होतं. खिंड मात्र एका उडीची! हरिणी दिसल्यावर बाण सोडला तर उशीरच व्हायचा, म्हणून शिकाऱ्याला तो तिच्या उडीच्या वेळेचा अंदाज बांधूनच सोडावा लागणार होता. अंदाज चुकला तर हरिणी सुटली, बरोबर आला तर मेली.

पलीकडे पाडस भुकेने ओरडू लागलं.

जाळीत एक म्हातारी घोरपड राहायची. ती म्हणाली, “अगं, बसलीस काय? जा की!”

“जाते हो आजी. पण कधी? मी वेळ ठरवली आणि त्याने ती ओळखली तर?”

“मग तू ठरवूच नकोस. वरच्या पळसाची पानं गळतायत. एखादं तुझ्या पाठीवर पडेल, तेव्हा उडी घे. तुलाच आधी ठाऊक नाही, ते त्या मेल्याला कुठून कळणार?”

“आणि तरी बाण लागला तर?”

“लागेलही, बाई. पण शंभरात एखादे वेळी.”

दुपारी पाठीवर पान पडलं. हरिणीचे पाय शिवशिवले. पण शिकारी तेव्हाच खाकरला. ती म्हणाली, “आत्ता तो सावध दिसतो. पुढच्या पानाला जाईन. संधी काय, तेव्हाही एवढीच असेल.”

आणि खरं होतं हो ते! तिथेच तर घात झाला. दुसऱ्या पानालाही संधी तेवढीच होती, तिसऱ्यालाही. दर वेळी थांबणं शहाणपणाचंच वाटलं. घोरपड ओरडून थकली. दुसऱ्या दिवशी पाडसाचा आवाज बारीक झाला, मग थांबला.

तिसऱ्या दिवशी शिकारी कंटाळला. जांभई देत उठला आणि न सोडलेला बाण घेऊन चालता झाला.

हरिणी एका उडीत पलीकडे गेली. पाडस गवतात थंड पडलं होतं. ती त्याला चाटत राहिली. तिची कास दुधाने तटतटली होती.

घोरपड मागून हळूहळू आली. हरिणी म्हणाली, “आजी, मी तर एकदाही चुकीच्या वेळी उडी घेतली नाही. मग असं का गं झालं?”

घोरपड म्हणाली, “पहिल्या पानालाच मी तुला कडकडून चावायला हवं होतं.”

तात्पर्य : धोका पुरता टळेपर्यंत थांबणाऱ्याची संधी टिकते, पण जिच्यासाठी संधी हवी होती ती गोष्ट टिकत नाही.