सटवाजीची मुकी हलगी

काळगंगेवर दगडमातीचा बंधारा होता, त्या काळातली ही गोष्ट. बंधाऱ्याच्या एका पाटावर तीन गावं जगत. वरचं सावळद, खालचं सावळद आणि शेवटी टोकाची वाडी. पाण्याचे बारा दिवस धरत. दोन्ही सावळदांना पाच-पाच आणि वाडीला दोन. दवंडी देणारा सटवाजी. त्याची हलगी तिन्ही गावांत वाजली, तरच पंचांचा नियम लागू होई.

एका वर्षी पाऊस फिरकला नाही. पाळ्या नव्याने ठरवायला दोन्ही सावळदांचे पाटील पिंपळाखाली बसले. सात दिवस बसले. कोणी जरा नमला, की मागून त्याच्याच गावाची ओरड येई, "पाटील, बांगड्या भरल्यात का?"

आठव्या दिवशी ते देवळात गेले. सटवाजीनेच बाहेरून दार ओढून घेतलं. दुपारच्या आत समेट झाला. वरच्यांना सहा, खालच्यांना सहा. आत काय झालं ते कोणी विचारलं नाही. सटवाजीनेही नाही.

दोन्ही सावळदांत दवंडी झाली. मग तो वाडीवर गेला, टिपरू उचललं, हलगीवर मारलं. आवाज आला नाही, असं म्हणतात. त्याने हलगी जाळावर शेकली. तरी नाही.

"हलगीला ताप आला का रे सटवा?" म्हातारी ठकूबाई हसली. मग म्हणाली, "वाजवायचं राहू दे. आमचे दिवस किती, तेवढं सांग."

सटवाजीने मनात मोजलं. सहा आणि सहा, बारा. वाडीला एकही उरत नव्हता.

तो माघारी देवळाकडे फिरला. वाडीही मागोमाग निघाली.

"तुझं काम वाजवायचं," वरचे पाटील गरजले. "बलुतं बंद करीन!"

"करा, पाटील." सटवाजीने हलगी देवळाच्या पायरीवर ठेवली. "आत कोणी काय सोडलं, तेवढं हिच्यावर हात ठेवून सांगा."

"मला सात हवे होते. एक सोडला."

"मीही एक सोडला," खालचे पाटील म्हणाले.

"मग वाडीचे दोन कोणी सोडले?"

जे आपलं नव्हतं, तेच दोघांनी वाटून घेतलं होतं.

पाटील खाली मान घालून परत आत गेले. सटवाजीने परत दार ओढलं. ते बाहेर आले तेव्हा दिवस कलला होता.

"मी यंदाचा ऊस सोडला," वरचे म्हणाले.

"मी भात सोडला. पाळ्या होत्या तशाच राहतील," खालचे म्हणाले.

या वेळी मागून कोणी ओरडलं नाही. आणि हलगी आपोआप वाजली. डोंगरापलीकडची गुरंसुद्धा माना वर करून ऐकत राहिली, असं म्हणतात.

ती हलगी आता फाटली आहे. तरी तिथे नवा नियम करायचा असला, की पंच आजही दार लावून बसतात, आणि बाहेर येऊन तिच्यावर हात ठेवून एकेक जण सांगतो, मी काय सोडलं. वाडीचा माणूस समोर येऊन बसल्याशिवाय मात्र कोणी तोंड उघडत नाही.