केरबाने टाइप केलेला अर्ज

एका तालुक्याच्या गावात एक भोळा भाऊ राहायचा. त्याचं नाव केरबा. त्याचा थोरला भाऊ बाळकू कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करायचा. टेबल नंबर तीन. मशीन लहानसं, पेटीत मावणारं, हातात धरून नेण्यासारखं. श्रावणात बाळकू वारला. मशीन फळीवर गेलं आणि गंजलं.

दोन महिन्यांनी कचेरीत कागद लागला. टेबल नंबर तीनसाठी वारसाने सोमवारपर्यंत टाइप केलेला अर्ज द्यावा, नाहीतर टेबल दुसऱ्याला जाईल.

बाळकूची बायको सुंद्रा टायपिंगची परीक्षा पास होती. टेबल मिळालं तर घर चालणार होतं. तिने हाताने अर्ज लिहून काढला आणि म्हणाली, "भावजी, मशीन खाली काढा. मी बसते टाइप करायला."

"दादाचं मशीन आहे," केरबा म्हणाला. "नीट मी करणार. अर्जही मीच करणार."

केरबा चौथीपर्यंत शिकलेला. पण दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. वहिनीने मान डोलावली.

केरबा पेटी घेऊन हसनचाचाकडे गेला. हसनचाचा शिलाई मशीन, घड्याळं, टाइपरायटर, सगळंच दुरुस्त करायचा.

"जाम झालंय," चाचा म्हणाला. "रॉकेलमध्ये भिजव, ब्रशने घास, उन्हात ठेव."

केरबाने घरी जाऊन मशीन भिजवलं. आतली शाईची फीतही भिजवली. चांगली घासली. कळा भराभर उडायला लागल्या, पण फीत पांढरी झाली.

"अरे येड्या!" परत आलेल्या केरबाच्या हातात चाचाने नवी फीत दिली. "शाईची वस्तू कधी धुवायची नाही. एवढं ध्यानात ठेव."

केरबाने ध्यानात ठेवलं. फीत चढवताना त्याचे दोन्ही हात काळे झाले होते. तसाच तो जेवायला बसला. भाकरीवर पाच बोटं उमटली.

"भावजी, हात धुवा की!"

"नाही. शाईची वस्तू धुवायची नाही."

वहिनीने त्याचे हात स्वतः धुतले. मग त्याला मशीनपुढे बसवलं. "हे बघा. ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटी वाजली की हा दांडा ढकलायचा आणि नवी ओळ सुरू करायची."

"एवढंच?"

"एवढंच."

केरबा टाइप करायला लागला. रस्त्यावरून दूधवाला गेला. सायकलची घंटी वाजली. केरबाने दांडा ढकलला. कुल्फीवाला आला. तो दारातच उभा राहून घंटी वाजवत राहिला. केरबा दांडा ढकलत राहिला. मग देवळात आरती सुरू झाली.

वहिनी आली तेव्हा कागदावर वरच्या टोकाला 'मा. साहेब' होतं, खालच्या टोकाला 'यांस' होतं, आणि मध्ये काही नव्हतं.

"बाहेरच्या घंट्या ऐकायच्या नाहीत हो," वहिनी म्हणाली.

केरबाने कानात कापूस घातला. आता त्याला बाहेरची घंटी ऐकू येईना. मशीनचीही येईना. ओळ संपली तरी तो बडवत राहिला. शेवटची अकरा अक्षरं एकावर एक बसली आणि कागदाला भोक पडलं.

"चूक झाली!" तो ओरडला आणि सगळा कागद फाडायला निघाला.

वहिनीने त्याचा हात धरला, कानातला कापूस काढला. "आता चारच कोरे कागद उरलेत. चूक दिसली की कागद फाडायचा नाही. चुकीवर आडव्या रेघा मारायच्या आणि पुढे जायचं. तुमचे दादाही तेच करायचे."

हे केरबाला फार पटलं. दार लावून तो नवा कागद घेऊन बसला. वहिनीच्या हस्ताक्षरातला अर्ज समोर ठेवला. एकेक अक्षर हुडकत टाइप करत गेला. एके ठिकाणी थांबला. पुन्हा वाचलं. वहिनीकडून अशी चूक होईल असं त्याला वाटलं नव्हतं. बाईमाणूस घाईत असेल, म्हणून तो तिला काही बोलला नाही. तो शब्द टाइप केला, त्यावर रेघा मारल्या आणि पुढे गेला. असं चार वेळा झालं.

शुक्रवारी तो कचेरीत गेला. वहिनीला अर्ज दाखवायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. क्लार्क भाऊसाहेबांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"'माझे पती बाळकू हे... झाले असल्याने...' काय झाले असल्याने? यावर रेघा का मारल्यास?"

"चूक होती, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "मयत लिहिलंय रे इथं."

"हां. तीच चूक. चार ठिकाणी होती. चारही खोडल्या."

भाऊसाहेबांनी कागद खाली ठेवला. बाळकू त्यांच्या खिडकीसमोरच बसायचा. ते म्हणाले, "अरे, तो मयत नसेल तर टेबल रिकामं कसं?"

"रिकामं नाहीच."

"मग वहिनीला टेबल कसं द्यायचं? असा अर्ज चालत नाही, बाबा. सोमवारपर्यंत वेळ आहे. वहिनीला सांग, नीट टाइप करून दे म्हणावं. नाहीतर बाळकूलाच पाठव माझ्याकडे!"

केरबाने विचार केला. परत सगळं टाइप करण्यापेक्षा हे सोपं होतं.

तो धावतच घरी आला आणि गल्लीच्या तोंडापासून ओरडला, "वहिनी, अर्ज राहू द्या! दादाचा सदरा इस्त्रीला टाका! सोमवारी भाऊसाहेबांनी त्यालाच बोलावलंय!"