चिमाईची थाळी

ऐका बाळांनो, आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका. फार वर्षांपूर्वी, आपली नदी आजच्यापेक्षा रुंद होती तेव्हाची ही गोष्ट.

निंबखेडवर तेव्हा वज्रदंत राजाचं राज्य होतं. त्याने घोर तप केलं आणि शंकराकडे वर मागितला, की कोणत्याही माणसाच्या हातून मला मरण येऊ नये. भोळ्या शंकराने तो दिला. देवाचं भोळेपण कधी कधी आपल्याला फार महागात पडतं. राजाला मग रान मोकळं मिळालं. त्याने पेरणीचं बी नेलं, देवळातली समई नेली, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

एके दिवशी आकाशवाणी झाली, "राजा, निंबखेडात आता जे मूल जन्मेल, ते तुझा काळ ठरेल."

मथुरेच्या राजाची गोष्ट याला ठाऊक होती. तिथे कुलपं आपोआप उघडली होती, म्हणून याने कोणालाच कोंडलं नाही. तो आपला हत्ती घेऊन नदीकाठी तळ देऊन बसला आणि कान लावून राहिला. कारण आपल्याकडे मूल जन्मलं की त्याच्या उशाशी काशाची थाळी वाजवतात, हे त्याला माहीत होतं. थाळी वाजेल त्या घरात शिरा आणि मूल उचला, असा त्याचा हुकूम होता.

गावात चिमाई नावाची सुईण होती. तिच्या हाताला यश होतं, असं म्हणतात. गावातलं लहानथोर तिच्याच हातांवर जगात आलेलं. त्या दिवशी ती हळद मागायच्या निमित्ताने घरोघर हिंडली आणि प्रत्येक बाईला सांगून आली, की माझी थाळी ऐकलीत की तुमचीही वाजवा. एकीनेही हो म्हटलं नाही. भीती कोणाला चुकली आहे?

तिन्हीसांजेला सुंद्रा नावाची तरणी सून बाळंत झाली. पण बाळ रडेना, डोळे उघडेना. चिमाईने ते उलटं धरलं, पाठ चोळली, काही उपयोग झाला नाही.

"थाळी वाजीव, चिमाई," सुंद्रा म्हणाली.

"वाजीवली तर राजा येईल, पोरी."

"अन् न्हाई वाजीवली तर माजं लेकरू जाईल."

चिमाईने थाळी उचलली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून वाजवली. बाळाने टाहो फोडला. पण बाहेर गाव गप्पच होतं. नदीकडून शिपाई धावत निघाले. चिमाई दारात आडवी उभी राहिली.

तेवढ्यात शेजारून एक थाळी वाजली. ती वाजवत होती धुरपदा. तिच्या पोटी मूल नव्हतं, म्हणून तिला बारशाला कोणी बोलवत नसे. पण पहिली साथ तिनेच दिली. मग पलीकडची वाजली, मग खालच्या आळीतली, आणि बघता बघता सारं गाव दणाणलं. शिपायांनी ज्या घरात शिरावं त्या घरातली बाई म्हणे, "आमच्याच घरी झालंय." ते गोंधळून गेले.

तेव्हा राजा स्वतः हत्तीवर बसून निघाला. पण एवढ्या थाळ्यांचा आवाज ऐकून हत्ती बिथरला, मागे वळला आणि थेट नदीत घुसला. हत्ती पलीकडे निघाला, राजा निघाला नाही. कोणा माणसाचा हात त्याला लागला नाही, म्हणजे देवाचा शब्दही राहिला आणि आकाशवाणीही खरी झाली. त्या जागेला अजून वज्रडोह म्हणतात.

बाळांनो, चिमाई नसती तर मी तुम्हाला गोष्ट सांगायला नसतो आणि तुम्ही ऐकायला नसता. तिचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची आम्हाला घाईही नाही.

ते मूल मुलगा होता की मुलगी, यावरून गावात आजही वाद होतात. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. फोन येतो, आणि निंबखेडात घरोघरी चिमाईच्या नावाने थाळी वाजते. पहिली थाळी वाजवायचा मान जिला मूलबाळ नाही अशा बाईचा, आणि बारशाला पहिलं बोलावणंही तिलाच. गावात नवखा कोणी असला तर तो हमखास विचारतो, मूल कोणाकडे झालं?

ज्याला विचारावं तो सांगतो, "आमच्याच घरी."